रिकामी असली की उडते, ट्रेलर लावला की हिसके देते. अमेरिकेतल्या हेवी-ड्युटी पिकअपचे दणके कमी कसे करतात?

रिकाम्या टेम्पोत बसून खराब रस्त्याने गेलात, तर पुढचे दोन दिवस कंबर त्याची आठवण करून देते. तोच टेम्पो माल भरून निघाला की कसा शांत चालतो. अमेरिकेत लाखो लोक हाच अनुभव रोज घेतात, फक्त त्यांची गाडी टेम्पोपेक्षा बरीच महाग असते.

फोर्ड एफ-२५०, रॅम २५००, शेवरले सिल्व्हराडो २५०० एचडी. या गाड्यांना तिकडे हेवी-ड्युटी पिकअप म्हणतात. घोड्यांचा ट्रेलर, बोट, शेतीची यंत्रं किंवा सुट्टीत राहायचं चाकांवरचं घर, हे सगळं ओढायला या गाड्या घेतल्या जातात. पण वर्षातले बरेचसे दिवस हीच गाडी रिकामी फिरते. कामावर जायला, मुलांना शाळेत सोडायला. आणि तेव्हा ती पार हाडं खिळखिळी करते.

गाडी इतकी आदळते का?

एफ-२५० सारख्या गाडीचा मागचा ॲक्सल साधारण पावणेतीन टन वजन पेलायला बनवलेला असतो. गाडी रिकामी असताना त्यावर निम्म्याहून कमी वजन येतं, कारण इंजिन पुढे आणि मागे नुसता मोकळा हौदा. मागचे पाटे मात्र पूर्ण वजनाच्या हिशोबाने कडक ठेवलेले असतात.

स्प्रिंग कडक आणि वरचं वजन कमी असेल, तर गाडी भरभर उडते. सेकंदाला एखाद-दुसरा सावकाश हेलकावा माणसाला चालतो. पण सेकंदाला ४ ते ८ वेळा बसणारे उभे हादरे शरीराला सगळ्यात जास्त त्रास देतात. थोडक्यात, गाडीत बिघाड काहीच नसतो. वजन पेलायच्या ताकदीची ती किंमत असते.

म्हणूनच आराम वाढवताना ही ताकद कमी होणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.

सुरुवात फुकटच्या उपायापासून

या गाड्यांचे टायर जाड असतात आणि त्यांच्या बाजूवर बऱ्याचदा ८० पीएसआय हा आकडा छापलेला असतो. अनेक जण तोच आकडा धरून चारही टायर टम्म फुगवतात. पण तो आकडा टायर त्याचं कमाल वजन किती हवेवर पेलतं, हे सांगतो. रोज किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पुढच्या चाकांचा आकडा तिथे बऱ्याचदा कमी असतो. काही मॉडेल्सच्या मॅन्युअलमध्ये रिकाम्या गाडीसाठी आणखी कमी हवेचा वेगळा आकडाही असतो. एवढं पाळलं तरी बराच फरक पडतो.

पण खरा धोकाही इथेच आहे. आरामासाठी हवा कमी केली आणि ट्रेलर जोडताना पुन्हा भरायला विसरलं, तर टायरची बाजू जास्त वाकते, टायर आतून तापतं आणि हायवेवर फुटू शकतं.

हवेचा आकडा किती महत्त्वाचा असतो, हे अमेरिकेने २००० साली पाहिलं. त्या वर्षी फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्डच्या एक्स्प्लोरर गाडीवर होते. टायरचा वरचा थर सुटून झालेल्या अपघातांत २७० हून जास्त मृत्यूंची नोंद झाली. फोर्डने या गाडीसाठी २६ पीएसआय सांगितलं होतं, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवं असं होतं. दोष टायरचा की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्यांत मोठं भांडण झालं. याच प्रकरणानंतर कायदा झाला आणि हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लावणारी यंत्रणा नव्या हलक्या वाहनांत सक्तीची झाली.

मग पैसे कुठे घालायचे?

पहिला नंबर शॉक ॲब्सॉर्बरचा, म्हणजे आपल्याकडच्या शॉकअपचा. वजन पेलायचं काम स्प्रिंगचं, उसळी जिरवायचं काम शॉकअपचं. त्यामुळे चांगले गॅसचे शॉकअप बसवले तर वजन पेलायची ताकद तशीच राहते आणि आदळआपट कमी होते.

दुसरा उपाय पाट्यांचा. पाट्याचं एक टोक ज्या कडीला अडकवलेलं असतं, ती रबर असलेली कडी मिळते. बारीक हादरे ती स्वतःच पिऊन टाकते. सुरुवातीला मऊ आणि वजन वाढेल तसे कडक होणारे पाट्यांचे संचही मिळतात. रॅमने तर २०१४ पासून २५०० मॉडेलच्या मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग दिल्या, त्यामागे हेच गणित होतं.

तिसरा उपाय एअरबॅगचा. अपघातात उघडते ती नव्हे, ॲक्सल आणि चॅसीच्या मध्ये बसणारी हवेची पिशवी. ट्रेलर जोडल्यावर गाडी मागून बसते, ती पिशवी सरळ करते. पण पाटे तसेच ठेवून ती नुसती जोडली, तर रिकाम्या गाडीचा कडकपणा कमी होत नाही. आणि कंपनीने ठरवलेली वजनमर्यादाही वाढत नाही. गाडी सरळ दिसतेय म्हणून जास्त माल भरणं ही नेहमीची चूक.

ट्रेलर लावल्यावरचे हिसके

ट्रेलर मागे लागला की त्रासाचा प्रकार बदलतो. साध्या हुकच्या ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन हुकवर यावं लागतं. ४ टनांचा ट्रेलर असेल तर ४०० ते ६०० किलो. यापेक्षा कमी आलं तर ट्रेलर शेपटीसारखा डोलतो. पण हेच वजन गाडीची मागची बाजू दाबतं आणि पुढची चाकं हलकी करतं. अशा वेळी वजन वाटून देणारा हिच लावतात. त्याच्या स्प्रिंगच्या दांड्या काही भार पुन्हा पुढच्या चाकांवर ढकलतात.

काँक्रीटच्या हायवेवर प्रत्येक जोडावर गाडी मागेपुढे हिसके देते. हुकमधली ढिलाई, ट्रेलरच्या ब्रेकचं चुकीचं सेटिंग ही त्याची साधी कारणं आधी तपासायची. राहण्याच्या अनेक ट्रेलरना तर शॉकअपच नसतात. तिथे ते बसवले की पुढच्या गाडीतला माणूसही सुखी होतो.

क्रम लक्षात ठेवायचा

आधी ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन करायचं, गाडी रिकामी असताना एकदा आणि ट्रेलरसकट एकदा. मग हवा, मग शॉकअप आणि गरज उरलीच तर पाटे.

आणि कितीही खर्च केला तरी प्रत्येक वेळी ट्रेलर जोडण्याआधी एक काम करायचंच. खाली वाकून चारही टायरची हवा मोजायची, आणि ट्रेलरचीसुद्धा.