विद्यार्थ्याचा प्रश्न आणि गावाची कसोटी

परीक्षा आटोपतात आणि व्याख्यानमाला भरते. विद्यार्थी मोकळा होतो आणि प्रौढ माणसे चार दिवस विद्यार्थी होतात. अशा वेळी विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा विचार करणे औचित्याला धरून होईल, असे आम्हांस वाटते. विषय पाहून काही मंडळी मनात म्हणतील, शाळाकॉलेजातल्या पोरांनी कसले संशोधन करायचे? पुठ्ठ्याचे धरण, रंगवलेली सूर्यमाला आणि शेजारी कोणाच्या तरी हस्ताक्षरात लिहिलेली माहिती, एवढेच ना? ही शंका अगदीच खोटी नाही. म्हणूनच आधी शब्दाचा अर्थ पाहू. संशोधन म्हणजे शोधणे, आणि संशोधन म्हणजे शुद्ध करणेही. जे ठाऊक नाही ते शोधायचे आणि जे ठाऊक आहे असे वाटते ते पारखून घ्यायचे. यांपैकी दुसरे काम अधिक कठीण, कारण त्यात आपलीच समजूत कसोटीला लागते.

महाराष्ट्रात या कामाचा आरंभ शोधू लागलो, तर एका तरुणाची गोष्ट आठवते. रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच डॉ. भाऊ दाजी. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले ते एक. पण वैद्यकीची पदवी हाती येण्यापूर्वीच त्यांनी काठेवाड आणि कच्छ प्रांतांतील मुलींच्या बालहत्येवर निबंध लिहिला आणि त्याला बक्षीस मिळाले. विशीतल्या तरुणाने निवडलेला हा विषय वैद्यकाचा म्हणावा, समाजशास्त्राचा की इतिहासाचा? तिन्हींचा. पुढे हाच गृहस्थ कुष्ठरोगावर औषध शोधीत राहिला आणि त्याच वेळी शिलालेख, नाणी व जुन्या पोथ्यांचा अर्थ लावीत राहिला. विज्ञान, आरोग्य आणि इतिहास ही तीन निरनिराळी खाती आहेत हे त्याला जणू कोणी सांगितलेच नव्हते.

या भाऊ दाजींचा बीडशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दोन आहेत. एक आपल्या अभिमानाशी आणि दुसरा आपल्या लाजेशी.

अभिमानाचा आधी सांगतो. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. या नावातले ‘विड’ म्हणजे आपले बीड, असे काही विद्वानांनी मानले, आणि ते आपल्याला गोड वाटले. पण चाळीसगावजवळच्या पाटण येथे भाऊ दाजींना एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, असे त्यात कोरलेले आहे. भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळही त्यात आहे. तेव्हापासून पारडे पाटणच्या परिसराकडे झुकले. विजापूरकडे बोट दाखवणारेही आहेत. वाद पुरता मिटलेला नाही. पण नावातल्या साम्यापेक्षा दगडावरचा लेख अधिक वजनाचा, हे कोणीही मान्य करील.

मग बीडच्या विद्यार्थ्याने काय करावे? आमचे उत्तर असे : त्याने बीडचा पक्ष मांडावा, पण विरुद्ध पुरावा आधी मांडून मग मांडावा. आपले गाव हरले तरी चालेल, पण पुरावा लपता कामा नये, ही शिकवण ज्याला वयाच्या सोळाव्या वर्षी मिळाली तो पुढे डॉक्टर होवो की वकील, खोटा दाखला सहसा देणार नाही.

असे प्रश्न विचारण्याची मोकळीक मात्र आपल्या जिल्ह्याला फार उशिरा मिळाली. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठाच, हे नाकारण्याचे कारण नाही. पण बीडच्या मराठी मुलाला ती भाषा घरची नव्हती. जाहीर सभा घ्यायची तर ‘गश्ती निशान त्रेपन्न’ या फर्मानाप्रमाणे आधी परवानगी काढावी लागे. आज आपण या मांडवात निर्धास्त बसलो आहोत, ते सुख आपल्या आजोबांना नव्हते. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियातून विद्यार्थी काढले गेले, आणि त्यांतल्या अनेकांना शिक्षण पुरे करण्यासाठी नागपूर विद्यापीठ गाठावे लागले.

त्या काळात अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात एक संन्यासी शिक्षक होते, स्वामी रामानंद तीर्थ. पूर्वाश्रमी व्यंकटेश खेडगीकर असताना त्यांनी पुण्याच्या टिळक विद्यापीठात लोकशाही या विषयावर प्रबंध लिहिला होता. जेथे लोकशाहीचा गंध नाही अशा संस्थानात, लोकशाहीवर प्रबंध लिहिलेला माणूस मुलांना शिकवतो आणि पुढे त्याच संस्थानाच्या मुक्तिलढ्याचे नेतृत्व करतो! विद्यार्थिदशेतला प्रबंध कपाटात पडून राहतो असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

पुढचा इतिहास भराभर सांगता येतो. १९५८ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ साली त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. १९७४ साली अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले व त्याला स्वामीजींचेच नाव मिळाले. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरू लागली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्याच परिसरातला प्रश्न घेऊन त्याचा अभ्यास करावा, ही तिची मुख्य अट. आणि २००६ साली राज्यातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा सुरू झाली. तीत भाषा व मानव्यविद्यांपासून शेती, अभियांत्रिकी, शुद्ध विज्ञान व वैद्यकापर्यंत सर्वांना जागा आहे. म्हणजे भाऊ दाजींनी एकट्याने जे एकत्र केले होते, ते एका मांडवात आणायला आपल्याला दीड शतकाहून अधिक काळ लागला.

आता लाजेचा संबंध. १८४७ च्या सुमारास भाऊ दाजींनी मुलींच्या हत्येवर लिहिले ते काठेवाडाबद्दल. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा १९९४ चा. तो असताना २०११ मध्ये हा आकडा ८०७ वर आला, आणि साऱ्या महाराष्ट्रात तो सर्वांत खालचा ठरला. काठेवाडाकडे बोट दाखवण्याची सोय राहिली नाही.

तितकाच बोलका आकडा २०१९ चा आहे. दसरादिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाणारी जोडपी आपल्या ओळखीची आहेत. नवराबायको मिळून एक कोयता. खाडा झाला की दंड बसतो, म्हणून बाईला पाळीचे दिवसही परवडत नाहीत. अशा बायकांची गर्भाशये तरुण वयातच काढली जातात, अशी कुजबुज गावोगाव होती. शासनाने समिती नेमली तेव्हा ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक! कुजबुज ही माहिती नव्हे. मोजले तेव्हा ती माहिती झाली. आणि हे मोजण्यासाठी काही मोठी यंत्रे लागली नाहीत. उंबऱ्यापाशी बसून नीट विचारलेला प्रश्न आणि नीट लिहिलेले उत्तर लागले.

हे काम विद्यार्थी करू शकतात काय? सारेच करू नये. एखाद्या बाईचे दुखणे हा कोणाच्या बक्षिसाचा विषय नव्हे. तिची संमती घेतल्यावाचून वही उघडू नये आणि तिचे नाव वहीबाहेर जाऊ नये. पण आपल्या वाट्याचे पुष्कळ उरते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या गावात विहिरीची पातळी दर आठवड्याला दोरीने मोजता येते. ऊसतोडीच्या हंगामात शाळेच्या पटावरची किती मुले गैरहजर, हे हजेरीपटावरून काढता येते. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी कापडावर लिहिलेली सुमारे चाळीस फुटांची पासोडी आहे. तिच्यातल्या भाषेला मराठीचा विद्यार्थी हवा, शाईला रसायनाचा आणि विणीला वस्त्र जाणणारा. तिघे एका टेबलाशी बसले तर प्रत्येकाला दुसऱ्याचे अज्ञान कळेल व आपलेही कळेल.

यात धोका एकच, आणि तो विद्यार्थ्यांकडून नाही, आपल्याकडून आहे. पारितोषिकाच्या लोभाने पालक प्रकल्प विकत आणतात, शिक्षक तयार निष्कर्ष पुरवतात आणि परीक्षक रंगीत तक्त्याला गुण देतात. विहिरीची पातळी अपेक्षेप्रमाणे निघाली नाही असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलीला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळत नाही. अशा वेळी ती काय शिकते? आकडे जुळवायचे असतात, हे शिकते. मग जिल्ह्याचे आकडे जुळवलेले निघाले तर आपण कोणाला बोल लावणार?

म्हणून श्रोत्यांकडे आमचे मागणे एवढेच. पुढच्या वर्षी एखादा मुलगा किंवा मुलगी वही घेऊन दाराशी आली आणि विचारू लागली, तुमच्या बोअरला पाणी कितीवर लागले, घरात मुली किती शिकल्या, आजोबांचे जुने दप्तर पाहू का, तर तिला ‘अभ्यास कर जा’ म्हणून वाटेला लावू नका. ती अभ्यासच करीत आहे. तिला खरे उत्तर द्या, आणि ते देताना आपल्याला अवघडल्यासारखे झाले तर समजा की प्रश्न बरोबर जागी लागला आहे.