हिप्परग्याचे मास्तर

सास्तूर आणि हिप्परगा रवा, दोन्ही आपल्या लोहारा तालुक्यातली गावं. तेव्हा आज लांब कशाला जायचं?

निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ आड यायचं. सरकारची आगाऊ परवानगी लागायची. त्याच राज्यात, १९२१ मध्ये, हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. १९२९ मध्ये तिथं मुख्याध्यापक म्हणून आले व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. मग त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. आता गंमत बघा, संन्यास घेतला पण शाळा सोडली नाही! पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयातही ते शिकवत राहिले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तेव्हा मात्र सत्याग्रह करून हा मास्तर तुरुंगात गेला. १९४६ मध्ये बंदी उठल्यावर ते अध्यक्ष झाले. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा हे पुन्हा अटकेत. कायमचे सुटले ते सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस कारवाईनंतर.

शिक्षक राजकारणात येणं जगाला नवं नाही. चीनचा माओसुद्धा १९२० मध्ये चांगशा शहरात प्राथमिक शाळेचा प्रमुख होता. पण माओनं पुढं अख्खा देशच वर्ग केला आणि मरेपर्यंत छडी खाली ठेवली नाही.

स्वामीजींनी काय केलं? ते दोनदा लोकसभेत गेले, मंत्रिपद घेतलं नाही. आणि ज्या हैदराबाद राज्याचे ते सर्वांत मोठे नेते, तेच राज्य भाषावार मोडा, असा आग्रह त्यांनी धरला. नेहरूंना सुरुवातीला हे पटत नव्हतं. अखेर १ नोव्हेंबर १९५६ ला ते झालं; मराठवाडा मराठी मुलखात आला, तेलुगू आणि कन्नड भाग आपापल्या भाषेत गेले. म्हणजे ज्या फांदीवर बसायचं, तीच यांनी कापली. व्यवहारात याला कुणी चूक म्हणेल. सत्ता हाती असती तर मराठवाड्याचं भलं झालं असतं, असंही म्हणता येईल. हा आक्षेप मी हलका मानत नाही.

पण मीही जन्मभर फळ्यासमोर उभा राहिलो. मास्तराची परीक्षा एकच असते : त्याच्यावाचून पोरांचं अडतं का? अडत असेल, तर शिकवणं कच्चं राहिलं. स्वामीजींना लोक आपल्यावर अवलंबून नको होते, स्वतःचं स्वतः बघणारे हवे होते. म्हणून १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं, की एवढंच स्वतःला विचारा : आपण पास झालो का?