व्याज, रिबा आणि मीत घम्रची पेढी

साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला 'व्याज' हा शब्द बँकेच्या बाहेरही भेटतो. व्याजस्तुती आपण सर्वांनीच शिकलेली असते: निंदेच्या मिषाने केलेली स्तुती, किंवा त्याच्या उलट. संस्कृतात व्याज म्हणजे मिष, निमित्त, कपट. मराठीत मात्र ऋणावरील वाढावा हाच त्याचा व्यवहारातला अर्थ ठरला. या वाढाव्याला धर्मशास्त्रकार 'वृद्धी' म्हणत. अरबीतील 'रिबा' या शब्दाचा मूळ अर्थही वाढ असाच आहे. वृद्धी आणि मिष या दोन अर्थांच्या मधोमध इस्लामी बँकिंगचा इतिहास घडला आहे, असे आम्हांस वाटते.

कुराणाने व्यापार वैध मानला आणि रिबा निषिद्ध. प्रचलित बँकेत ऋणकोचे पीक बुडो वा तरारो, धनकोचा परतावा कागदावर ठरलेला असतो. इस्लामी विधिशास्त्राचा आक्षेप नेमका या निर्धास्तपणावर आहे. पैशाने कमवावे, पण धोक्यात उतरून. मुदारबा या जुन्या करारात एकाचे भांडवल असते, दुसऱ्याचे श्रम. नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. तोटा आला तर भांडवलवाल्याचे धन जाते आणि श्रम करणाऱ्याचे श्रम वाया जातात.

व्याजाला वेसण घालणे ही काही एकाच धर्माची चिंता नव्हे. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, हा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालयेही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मानीत. (सावकाराला घातलेल्या मर्यादेचे हे नाव पुढे पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजनांच्या जाहिरातींत झळकावे, हा भाषेचा विनोदच.) दान्तेने तर व्याजखोरांना नरकाच्या सातव्या वर्तुळात, तापलेल्या वाळूवर, गळ्यात पैशांच्या थैल्या अडकवून बसवले.

आधुनिक काळात या विचाराला देह मिळाला तो इजिप्तमध्ये. जर्मनीत शिकून आलेल्या अहमद अल-नज्जार यांनी तेथील बचत बँका पाहिल्या होत्या. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील मीत घम्र या गावी त्यांनी 1963 साली तशीच एक पेढी उघडली. काळ नासर यांचा होता. मुस्लिम ब्रदरहूडवर 1954 पासून बंदी होती, आणि धर्माचे नाव घेणारी कोणतीही संस्था सरकारच्या नजरेत येण्याचा संभव होता. म्हणून पेढीचे तत्त्व इस्लामी असूनही तसा उच्चार टाळण्यात आला. बचत खात्यावर व्याज नव्हते; परंतु खातेदाराला उत्पादक कामासाठी छोटे बिनव्याजी कर्ज मिळू शके. गुंतवणुकीच्या खात्यातील रक्कम नफ्यातोट्याच्या भागीदारीवर उद्योगांत घातली जाई. जकातीचा एक निधीही होता. व्याजाच्या भयाने वा सवयीने जो ग्रामीण माणूस बँकेची पायरी चढत नसे, तो येथे आला, आणि या नमुन्याच्या शाखा इतरत्रही निघाल्या. 1967 पर्यंत हा प्रयोग गुंडाळला गेला व त्याचा कारभार सरकारी बँकांकडे गेला.

पुढे 1973 मध्ये तेलाचे भाव भडकले आणि या कल्पनेचा पत्ताच बदलला. 1975 साली जेद्दा येथे इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेचे काम सुरू झाले व त्याच वर्षी दुबई इस्लामिक बँक निघाली. नव्या बँकांपाशी पैसा विपुल होता. ऋणकोच्या हिशेबवहीवर विश्वास टाकून त्याच्या धंद्यात भागीदार होण्याची तयारी मात्र थोडी. त्यांनी मुराबहा उचलला. ग्राहकाला शंभराचे यंत्र हवे आहे. बँक ते विकत घेते आणि वर्षभराने फेडावयाच्या बोलीवर त्याला एकशेदहाला विकते. प्रचलित बँक दहा टक्क्यांनी शंभर देईल तर वर्षअखेर आकडा तोच येईल.

मग फरक कोठे उरला? फरक आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वस्तू क्षणभर का होईना बँकेच्या मालकीची होते आणि त्या काळातील नुकसान बँकेचे असते. किंमत एकदा ठरली की हप्ता थकला म्हणून ती चढत नाही. दंड घेतला तरी तो बँकेने दानात घालावा असा दंडक आहे. चक्रवाढीने पिढ्या बुडालेल्या समाजाला याचे मोल वेगळे सांगावयास नको.

पण वाट घसरती आहे. तवर्रुक नावाच्या व्यवहारात ग्राहकाला वस्तू नकोच असते, रोख हवी असते. बँक त्याला धातू उधारीवर विकते, आणि त्याच्याच वतीने तो लगेच तिसऱ्याला रोखीने कमी किमतीत विकून टाकते. धातू बहुधा लंडनच्या धातुबाजाराशी संलग्न गोदामात असतो आणि जागचा हलतही नाही. अशा युक्तीला अरबीत 'हीला' म्हणतात. हिंदी-उर्दूतील 'हीला-हवाला' तोच. युरोपातही ख्रिस्ती व्यापाऱ्यांनी भागीदारी, विमा आणि अनिश्चित नफ्याची निश्चित रकमेला विक्री असे तीन निर्दोष करार जोडून व्याज साधले होते. पोप सिक्स्टस पाचवे यांनी 1586 मध्ये त्यास दोषी ठरवले.

पाकिस्तानात झिया उल-हक यांच्या काळात व्याजाऐवजी 'मार्क-अप' आला. 1991 साली तेथील संघीय शरियत न्यायालयाने तोही नामांतरित व्याजच ठरवला. इजिप्तमधील वळण त्याहून अनपेक्षित होते. 2002 साली अल-अझहरच्या इस्लामी संशोधन परिषदेने बँकेतील गुंतवणुकीवर आधी ठरलेला परतावा वैध असल्याचे मत दिले. अनेक विद्वानांनी ते अमान्य केले. उलट 2009 मध्ये शारजा येथे आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने संघटित तवर्रुक अवैध ठरवला. एका पीठाने उघडा निश्चित परतावा स्वीकारला, दुसऱ्याने झाकलेला नाकारला; आणि आम्हांस दोन्ही निर्णयांत झाकाझाकीचा सारखाच कंटाळा दिसतो. सौदी अरेबिया आणि मलेशियातील बँकांत तवर्रुक त्यानंतरही चालूच राहिला.