चाकाचा घसारा

वाणिज्य शाखेच्या पदवीनं मला आयुष्यात एकच शहाणपण दिलं, ते म्हणजे घसारा. कुठलीही वस्तू विकत घेतली की त्याच दिवसापासून ती झिजायला लागते, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं. टेबल, पंखा, कपाट आणि कारकून हे सगळे दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी घटत असतात. कारकुनाचा घसारा बँकेच्या पुस्तकात दाखवत नाहीत, एवढाच काय तो फरक.

तो गेल्या वर्षी डॉक्टरांनी दाखवला. रक्तदाब मोजला, यंत्र बिघडलंय की काय म्हणून पुन्हा मोजला आणि म्हणाले, "सायकल चालवा." म्हणून मी एक हायब्रीड सायकल घेतली. आई म्हणाली, "अरे, हायब्रीड कशाला आणलीस? त्याच्या भाकरीला चव नसते." तिला ज्वारी ठाऊक. मी तिला समजावलं, की शर्यतीच्या सायकलीचं मोठं, हलकं चाक आणि डोंगरात चालवायच्या सायकलीचं सरळ हँडल यांचा जो आंतरजातीय विवाह झाला, त्याचं हे अपत्य. आई म्हणाली, "टिकलं म्हणजे बरं."

नाही टिकलं. चार महिन्यांत मागच्या चाकाचे तीन आरे तुटले. 'टण्ण' असा आवाज व्हायचा आणि चाक लग्नाच्या वरातीतल्या माणसासारखं डोलायला लागायचं. दुकानातल्या मुलानं आधी चाकाकडं पाहिलं, मग माझ्या पोटाकडं, आणि विचारलं, "अंकल, वजन किती तुमचं?"

वजन चौऱ्याऐंशी किलो. पण प्रश्न इज्जतीचा होता. आमच्या अण्णांची काळी सायकल मी लहानपणापासून पाहिलेली. पुढं दांड्यावर मी, मागं कॅरिअरवर आई, आईच्या मांडीवर धाकटी बहीण आणि हँडलला दळणाचा डबा. एवढा संसार ओढून त्या चाकाला कधी काही झालं नाही. मग माझ्याच चाकाला काय धाड भरली होती? ग्राहकाच्या खात्यात फरक निघाला की आम्ही मागच्या नोंदी काढतो. मी चाकाच्या मागच्या नोंदी काढल्या.

सुरुवात १८१७ ची. जर्मनीतल्या मानहाइमला कार्ल द्राइस नावाच्या सरदारपुत्रानं दोन लाकडी चाकं एकामागं एक लावली, मध्ये बसला आणि पायांनी जमीन ढकलत निघाला. पेडल नव्हतं. पेडल आलं पॅरिसमध्ये, १८६० नंतरच्या दशकात. पण चाक अजून बैलगाडीच्याच कुळातलं, लाकडी आरे आणि वर लोखंडी धाव. दगडी रस्त्यावर त्या वाहनानं प्रवाशाचा असा खुळखुळा केला की इंग्रजांनी त्याचं नावच 'हाडं खिळखिळी करणारं' असं ठेवलं.

बैलगाडीच्या चाकाचा हिशेब सोपा असतो. घर जसं खांबावर उभं, तसा मधला तुंबा खालच्या आऱ्यावर उभा. आरा दाबला जातो, म्हणून तो जाड हवा. आणि जाड म्हणजे जड. आता याच्या जागी बारीक तार घातली तर? तार उभी राहणार नाही, वाकेल. पण तारेला दाबायच्या ऐवजी ओढलं, तर ती बेट्याला ऐकायची नाही. ही युक्ती पहिल्यांदा सुचली जॉर्ज केली या इंग्रज माणसाला, १८०८ साली. तो सायकलच्या नव्हे, उडत्या यंत्राच्या मागं होता आणि त्याला हलकं चाक हवं होतं. विमान यायला जवळजवळ शंभर वर्षं होती, त्यामुळं चाक वहीतच राहिलं. असे प्रस्ताव आमच्या हेड ऑफिसातही असतात.

पुढं १८६९ साली पॅरिसच्या यूजेन मेयर या कारागिरानं तारेच्या आऱ्यांच्या चाकाचं पेटंट घेतलं. त्यात एकेक आरा वेगवेगळा ताणता येत होता. लगेच १८७० साली इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी 'एरियल' सायकलीचं पेटंट घेतलं. कॉव्हेंट्री हे रेशमी फिती विणणाऱ्यांचं आणि घड्याळजींचं गाव. फ्रान्सचा माल येऊ लागल्यावर फितींचा धंदा बसला, आणि शिवणयंत्रं करणारा एक कारखाना सायकलीकडं वळला. तिथलाच हा स्टार्ली, तरुणपणी माळीकाम केलेला. त्याच्या पहिल्या चाकाचे आरे तुंब्यातून सरळ रिमकडं जात. पेडल मारलं की तुंबा पुढं फिरे आणि रिम मागं रेंगाळे, साहेब केबिनमधून हुकूम सोडतात आणि काउंटरपर्यंत पोचत नाही, तसं. १८७४ साली स्टार्लीनं आरे तिरपे, एकमेकांना छेद देणारे बसवले, आणि जोर रिमपर्यंत पोचला. आज तुमच्या-आमच्या सायकलीत दिसते ती जाळी तीच. १८८५ साली त्याचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली यानं दोन जवळजवळ सारखी चाकं आणि साखळी असलेली 'रोव्हर' काढली. आणि १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं पोराच्या तीनचाकीला हवेचे टायर लावले. हवेच्या टायरचं पेटंट थॉमसन नावाच्या माणसानं १८४५ सालीच घेऊन ठेवलं होतं. पण तेव्हा सायकल नव्हती. वेळ साधली नाही की माणूस कसा पेन्शनला मुकतो, त्याचं हे उदाहरण.

इथवर सगळं ठीक. पण आरा का तुटतो? त्याचं उत्तर अमेरिकेतल्या जॉब्स्ट ब्रँट नावाच्या इंजिनिअरनं १९८१ साली एक आख्खं पुस्तक लिहून दिलं. बऱ्याच जणांची समजूत अशी, की आपण वरच्या आऱ्यांना टांगलेले असतो. ब्रँटनं गणित मांडलं, तर वरच्या आऱ्यांना फारसा पत्ताच नसतो. जमिनीजवळ आलेले दोन-चार आरे तेवढे सैल पडतात, आणि फिरून वर गेले की पुन्हा ताणले जातात.

हे मला पहिल्या वाचनात कळलं नाही. मग बँकेच्या भाषेत मांडलं आणि लख्ख कळलं. मागच्या चाकाच्या साखळीच्या बाजूचा एकेक आरा, दोन मिलिमीटरची तार, आपण बसायच्या आधीच साधारण शंभर किलोच्या ताणानं खेचलेली असते. ही झाली ठेव. आपण बसलो की खाली आलेला आरा त्या ठेवीतून रक्कम देतो, वर गेला की पुन्हा भरतो. शिल्लक शून्यावर येत नाही तोवर खातं सुरळीत. पण मुळात ठेवच कमी असेल, तर दर फेऱ्याला शिल्लक शून्य! आरा ढिला पडतो, हिसक्यानं ताणला जातो, त्याचं निपल फिरून आणखी ढिलं होतं आणि शेवटी तुंब्यापाशी, जिथं त्याला बाक असतो, तिथं तार थकून तुटते. माझ्या चाकाचे एका किलोमीटरला साधारण ४६५ फेरे होतात. घर ते बँक आणि परत, बारा किलोमीटर. म्हणजे रोज साडेपाच हजार वेळा, आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर साडेसोळा लाखांच्या वर. इतक्या वेळा शून्यावर आलेलं खातं आम्ही केव्हाच बंद केलं असतं.

हा सगळा पुरावा घेऊन मी पिंपळाखालच्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी पुस्तक वगैरे काही वाचलेलं नव्हतं. चाक हातात घेऊन त्यांनी एकेक आरा सतारीसारखा छेडला. "हा गातोय. हा पण गातोय. हा बोंबलतोय. आणि हा साहेब, हा मेलाय." माझ्या चाकात तब्बल नऊ मेलेले निघाले, बहुतेक डाव्या बाजूचे. हायब्रीडच्या मागच्या चाकाला उजवीकडं सात-आठ दात्यांच्या चकत्या बसवायच्या, म्हणून तुंब्याची उजवी कड आत सरकते. उजवे आरे घट्ट, डावे सैल. घाईनं बांधलेल्या चाकात ते जास्तच सैल राहतात. जुन्या काळ्या सायकलीला एकच चकती, त्यात पुढं बत्तीस आणि मागं चाळीस आरे. वजन मागं असतं म्हणून मागं आठ जास्त. मिस्त्री म्हणाले, "तुमच्या वजनाचा काही दोष नाही." एवढं प्रेमळ वाक्य मला गेल्या दहा वर्षांत कुणी ऐकवलेलं नाही.

अर्ध्या तासात त्यांनी आऊट काढला आणि बजावलं: महिन्यातून एकदा चाक फिरवून बघा, आरे वाजवून बघा. हवा कमी ठेवू नका, नाहीतर खड्डा टायरला न विचारता थेट रिमला भेटतो. पावसात रिम आणि ब्रेकचं रबर पुसत चला. ॲल्युमिनियमची रिम आहे, चिखलातली वाळू तिला कानशीसारखी खाते. रिमच्या कडेला बारीक खाच आहे, ती दिसेनाशी झाली की रिम संपली. मी म्हटलं, "अण्णांच्या सायकलीला यातलं काही करावं लागलं नाही." मिस्त्री हसले. "लोखंडी रिम होती ती. पावसात ब्रेकच लागायचा नाही, मग झिजणार काय?"

घरी येऊन मी आईला विजयानं सांगितलं, की दोष माझा नाही, नव्या मालाचा आहे. अण्णांच्या सायकलीसारखं आता काही मिळत नाही. आई काही बोलली नाही. आतून ट्रंकेतल्या अण्णांच्या हिशोबाच्या वह्या आणून तिनं माझ्यापुढं टाकल्या.

मी आयुष्यभर हिशोब तपासत आलो, पण हा कधी तपासला नव्हता. दूध, शाळेची फी, रॉकेल, आणि मध्येच बारीक अक्षरात: 'सायकल, आऊट काढणे'. 'आरे २'. 'ओव्हरऑइल'. 'छर्रे बदलले'. दर महिन्या-दीड महिन्याला, न चुकता. रविवारी सकाळी अण्णा "जरा जाऊन येतो" म्हणून बाहेर पडत, ते कुठं जात, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. मी ऑडिटरसारखी बेरीज केली. १९८४ ते १९९९ या काळात अण्णांनी एकेचाळीस आरे बदलले होते. मागच्या चाकात असतात चाळीस. कधीही न तुटलेलं ते चाक आख्खंच्या आख्खं बदलून वर एक आरा उरला होता!

१९९९ साली ते निवृत्त झाले आणि नोंदी थांबल्या. सायकल मागच्या अंगणात उभी राहिली, आणि जे चाक आम्हा चौघांच्या ओझ्यानं संपलं नव्हतं, ते दोन पावसाळ्यांत गंजून संपलं.

कॉलेजात शिकलेलं एक कलम मग आठवलं. देखभालीचा खर्च त्याच वर्षी नावे पडतो आणि ताळेबंदात पुन्हा कुठंही दिसत नाही. दिसते ती फक्त मालमत्ता. म्हणून आपण म्हणतो, जुन्या वस्तू काय टिकाऊ होत्या! टिकाऊ वस्तू नव्हत्या. कुणीतरी रविवारी सकाळी जरा जाऊन येत होतं.

मीही वही केली आहे. पहिली नोंद: 'आऊट काढणे'. परवा रविवारी निघताना मुलानं विचारलं, "बाबा, कुठं चाललात?"

मी म्हटलं, "जरा जाऊन येतो."