घर बदलले आणि खोट उघडी पडली

मंडळी, सिन्नरच्या माळेगाव किंवा मुसळगाव वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात समजा असे झाले. पगारपत्रक काढणारा प्रोग्राम दहा वर्षे जुन्या युनिक्स यंत्रावर बिनतक्रार चालला. यंत्र बदलले, तोच प्रोग्राम नव्या सर्व्हरच्या बोलीत उतरवून घेतला, आणि पहिल्याच पगाराला तो मध्येच कोसळला. कामगार पगाराची वाट पाहत बसलेले. तुम्ही काय म्हणाल? "नवे यंत्रच वाईट!" सगळे हेच म्हणतात. पण युनिक्सचा इतिहास पाहिला तर पुष्कळदा खोट जुन्या घरचीच निघते.

युनिक्सचा जन्म 1969 सालचा, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे तिचे जनक. त्या काळी अशी प्रणाली बहुधा एकेका यंत्राच्याच बोलीत लिहीत. यंत्र मोडीत निघाले की तीही गेली. 1973 साली युनिक्स सी भाषेत नव्याने लिहिली गेली आणि तिला घर बदलणे शक्य झाले. 1977 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात रिचर्ड मिलर यांनी, आणि बेलमध्ये रिची व स्टीव्ह जॉन्सन यांनी, ती इंटरडेटा यंत्रांवर नेली.

अशा स्थलांतरात एक गंमत होई. जुने पीडीपी-11 यंत्र संख्येचा लहान भाग आधी ठेवी, इंटरडेटा मोठा भाग आधी. त्यामुळे 'यू-एन-आय-एक्स' हवे तेथे 'एन-यू-एक्स-आय' उमटले, असा किस्सा जुने जाणकार सांगतात. गुरुजींना हे नवे नाही. आपण 'चोवीस' म्हणताना चार आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. म्हणून तर पोर कधी 42 लिहून मोकळे होते! 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस चार' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवते ना? दोन्ही रिती बरोबरच. घोटाळा होतो तो एकीने लिहिलेले दुसरीने वाचले म्हणजे.

आता खरी मेख ऐका. प्रोग्राम स्मृतीतल्या घरांच्या पत्त्यांवर जातो. पत्ता भरायचा राहून गेला, तर तो शून्य क्रमांकाच्या घरी जातो. बर्कलेच्या युनिक्सवर चालणाऱ्या व्हॅक्स यंत्रात त्या घरी शून्यच ठेवलेले असे. प्रोग्रामला वाटे, मजकूर कोरा आहे. तो पुढे चाले. पुढे सन कंपनीच्या यंत्रांत त्या घराला कुलूप लावलेले. दार ठोठावले की प्रणाली प्रोग्राम तिथल्या तिथे बंद पाडी. चूक तीच, व्हॅक्सने ती पोटात घातली होती, एवढेच.

म्हणून कोसळलेला प्रोग्राम पाहताना आधी पंचनामा करावा. मरतेवेळी त्याच्या स्मृतीची नक्कल युनिक्स 'कोअर' नावाच्या फायलीत ठेवते. पूर्वी स्मृती चुंबकी कड्यांची असे, त्यांवरून हे नाव पडले. ही सोय कित्येकदा बंद ठेवलेली असते, ती चालू करून घ्यावी. डीबगरने फाइल उघडली म्हणजे कोणत्या ओळीवर घात झाला आणि तेथे कोणी धाडले, हे उलगडत जाते. कधी नव्या घरी एखादे ग्रंथालय, म्हणजे तयार कामांचा संचच, नसतो किंवा वेगळा असतो. तो दोष लवकर सापडतो. ओळ सापडली की "पत्ता कोरा असेल तर पुढे जा" अशी ठिगळाची ओळ घालण्याचा मोह होतो. तसे करू नये. पत्ता कोरा राहिलाच कसा, हे मागे मागे जाऊन शोधावे.

आणि तेवढ्यावर थांबू नये, असे मला वाटते. जुन्या यंत्रावर प्रोग्राम कोसळत नव्हता. पण कोऱ्या जागी गेलेल्या नोंदींचे काय झाले? गेल्या दहा वर्षांची पगारपत्रके काढून, एखाद्या कामगाराची रक्कम त्या कोऱ्या घरात राहून गेली नाही ना, हे ओळीने तपासावे.