वाट, नाळ, घाट, सडक: महाड-पोलादपूरच्या रस्त्यांची नावे

इंग्रजीतल्या ‘रोड’ या शब्दाला मराठीत ‘रस्ता’ म्हटले की एरवी काम भागते. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत ते भागत नाही. पूर्वेला सह्याद्रीचा कडा, पश्चिमेकडे सावित्रीची खाडी आणि मधल्या पट्ट्यात डोंगरांच्या सोंडा व ओढे, अशा मुलखात माणसाला जाण्यायेण्यासाठी जे जे सापडले त्याला वेगवेगळी नावे पडली. कुठून कोण जाऊ शकेल, पायी माणूस, लादलेला बैल की गाडी, हे त्या नावांतूनच कळत असे.

सर्वांत जुना आणि सर्वांत ऐसपैस शब्द ‘वाट’. तो संस्कृत ‘वर्त्मन्’पासून प्राकृतातून आला. वाट पडते, मळते, मोडते. ती कोणी बांधत नाही. ‘रस्ता’ हा फारसीतून आलेला शब्द. रस्ता काढावा लागतो, म्हणजे त्यामागे कोणाचा तरी हुकूम आणि खर्च असतो. वाटाड्या, वाटसरू, वाटमारी, आडवाट हे सारे शब्द ‘वाटे’चे आहेत, कारण प्रवास बराच काळ तिच्यावरूनच होत होता.

डोंगर चढण्याच्या वाटांची नावे जास्त नेमकी आहेत. ‘खिंड’ म्हणजे दोन उंचवट्यांमधली फट; ती चढ सांगत नाही, फक्त पलीकडे जाण्याची जागा दाखवते. ‘नाळ’ म्हणजे कड्यातून खाली उतरणारी अरुंद, दगडगोट्यांनी भरलेली घळ. पावसाळ्यात तीतून पाणी कोसळते, इतर दिवसांत माणूस उतरतो. लिंगाण्याजवळची बोराट्याची नाळ आणि त्याच भागातली सिंगापूरची नाळ ही याची ठळक उदाहरणे. ‘निसणी’ त्याहून अवघड. निसण म्हणजे शिडी. निसणीच्या वाटेवर कड्याला शिडी लावून किंवा खोबणीत पाय रोवून चढावे लागते, आणि बैल तिथे जाऊच शकत नाही.

‘घाट’ याच्या बरोबर उलट. घाट म्हणजे लादलेले जनावर चढू शकेल अशी डोंगरवाट. कोकणातून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जाई आणि देशावरचे धान्य व गूळ खाली येई, ते बैलांच्या पाठीवरून. व्यापार आला तिथे जकात आली आणि हिशेबही आला. ‘घाटपांडे’ हे आडनाव घाटावरच्या अशाच हिशेबाच्या कामातून आले असे मानतात. म्हणून घाटाला मान होता आणि पहाराही होता. वरंधा घाटाच्या माथ्यावरचा कावळ्या किल्ला त्यासाठीच उभा आहे. हाच शब्द नदीकाठच्या पायऱ्यांना लागतो, आणि सबंध डोंगररांगेलाही. ‘घाटावरचे’ म्हणजे देशावरचे, हा अर्थ कोकणात आजही रोजच्या बोलण्यात आहे.

नावे बहुधा गावांवरून पडली: वरंध गावाचा वरंधा, पार गावाचा पार घाट, कशेडीचा कशेडी, ढवळे गावातून चंद्रगडाच्या बाजूने महाबळेश्वरकडे चढणारा ढवळे घाट. काही नावांत मात्र चालणाऱ्याचा अनुभव उतरला आहे. महाबळेश्वरच्या पठारावरून पारकडे उतरणारा रडतोंडीचा घाट हे त्यांतले सर्वांत बोलके नाव. १६५९ मध्ये अफजलखानाची फौज वाईहून प्रतापगडाखाली आली ती याच घाटाने. मढे घाटाच्या नावामागे तानाजी मालुसऱ्यांची आठवण सांगतात: १६७० मध्ये सिंहगडावर पडल्यावर त्यांचा देह याच वाटेने पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला नेला. ही लोकपरंपरा आहे; पण घाटाची दिशा तिच्याशी जुळते, आणि उमरठच्या लोकांनी ती जिवापाड जपली आहे.

रायगड राजधानी झाल्यावर या वाटांचे महत्त्व वाढले. पुढे पेशवाईतही संकटात सापडलेल्यांना त्यांनी आसरा दिला. नाना फडणवीस १७९६ मध्ये महाडला येऊन राहिले, त्या वर्षीचा तह महाडच्या नावाने ओळखला जातो. १८०२ मध्ये होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसरा बाजीराव पुण्याहून निघून महाडमार्गेच किनाऱ्याकडे गेला आणि वसईला पोचला.

त्या काळच्या भाषेत अशा प्रवासाला ‘खुष्कीचा मार्ग’ म्हणत. पाण्यावरचा जलमार्ग, जमिनीवरची खुष्की, अशी ती विभागणी. महाडला दोन्ही होते. बाणकोटला समुद्राला मिळणाऱ्या सावित्रीच्या खाडीतून भरतीबरोबर गलबते दासगावकडे आणि महाडकडे येत. तिथे माल उतरे आणि बैलांवर चढे. १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर इंग्रजांचे हवा खाण्याचे ठिकाण झाले, तेव्हा मुंबईचे अनेक प्रवासी समुद्राने बाणकोटला, खाडीने महाडला आणि तिथून पालखीने पार घाट चढून जात.

‘सडक’ हा शब्द या भागात इंग्रजी अमदानीतच रुळला. सडक म्हणजे खडी घातलेली, सरकारने बांधलेली, गाडीची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादपूर ते महाबळेश्वर गाडीरस्ता झाला, त्याला मुंबईचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव मिळाले. लोकांनी ते घेतले नाही. ते आंबेनळीच म्हणत राहिले. त्या नावातली ‘नळी’ नाळेचीच आठवण देते, रस्ता मात्र गाडीचा. इथूनच ‘घाट’ शब्दाचा अर्थ बदलला. बैलवाटेऐवजी तो वळणावळणाच्या मोटाररस्त्याला लागू लागला. आता पर्यटक नाळेला आणि निसणीलाही सरसकट घाट म्हणतात. हे नुकसान खरे आहे, कारण नावातून मिळणारी धोक्याची सूचनाच त्यामुळे हरवते.

गावात उतरल्यावर शब्द पुन्हा बदलतात. घरांमधून वर जाणारी दगडी पायऱ्यांची ‘पाखाडी’, ओढ्यावरचा ‘साकव’, शेतांमधून जाणारी ‘पाणंद’. महसुली नकाशावर पायमार्ग आणि गाडीमार्ग वेगळे दाखवलेले असतात. वाद उठला की शब्द येतो ‘वहिवाट’: वर्षानुवर्षे चालत आल्याने निर्माण झालेला हक्क. तो अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे जाता येते, आणि बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. डोंगरातल्या वाडीसाठी हे कागद मोठ्या महामार्गाहून महत्त्वाचे आहेत. दवाखान्यात जाणारी डोली पाणंदीवरूनच निघते.

मुंबई-गोवा महामार्गाला आता सगळेच ‘हायवे’ म्हणतात. महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. नवा पूल पुढच्या जूनमध्ये सुरू झाला. पोलादपूरच्या पुढे कशेडीचा ‘बोगदा’ २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वाहतुकीसाठी खुला होत गेला. त्यामुळे डोंगरावरून जाणारा कशेडीचा जुना वळणाचा रस्ता खेडला जाण्याचा एकमेव मार्ग राहिलेला नाही.