शुल्क कशाचे? तळेगावच्या काच कारखान्यापासून ऑनलाइन अभ्यासक्रमापर्यंत

मराठी घेऊन बी.ए., एम.ए. होणारे मावळातील विद्यार्थी अलीकडे आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारतात. प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे. पैसे भरून कोणता ऑनलाइन अभ्यासक्रम घ्यावा? या प्रश्नामागे हौस क्वचितच असते. नोकरीची निकड असते, आणि पुष्कळदा भाताच्या एका हंगामाचे पैसे पणाला लागलेले असतात. उत्तरादाखल अभ्यासक्रमांची यादी देता येईल, पण अशी यादी वर्षभरात शिळी होते. त्यापेक्षा या मुलखात माणसे कौशल्य कसे विकत घेत आली, याचा इतिहास तपासणे आम्हांला अधिक फलदायी वाटते. शुल्क नेमके कशाचे भरायचे, हा खरा प्रश्न त्यातून स्पष्ट होतो.

प्रारंभ तळेगाव दाभाड्यापासून करता येईल. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एकेक पैसा जमवून स्वदेशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे होते. काच विकणे एवढाच या कारखान्याचा हेतू नव्हता. काच करणारी माणसे घडवणे हाही होता. तेथे शिकलेल्यांच्या हातांनी ही विद्या अन्यत्र गेली. येथे शिक्षणाचा खर्च समाजाने उचलला होता आणि शिकणाऱ्याची परीक्षा भट्टीसमोर होत होती. भांडे तडकले की नाही, हे सांगायला प्रमाणपत्राची गरज नव्हती.

लोणावळ्याचा इतिहास याच सूत्राची पुढची रूपे दाखवतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले. आरमाराचे अभियांत्रिकी प्रशिक्षण देणारे ‘शिवाजी’ केंद्र १९४५ साली येथे सुरू झाले. एकात साधना, दुसऱ्यात यंत्र. पण दोन्हीकडे शिकण्याचा अर्थ तेथे जाऊन राहणे हाच होता. माहिती, चूक दाखवणारी गुरुजनांची नजर, दिनक्रमाचे बंधन आणि ‘हा शिकला’ अशी अखेरची साक्ष या चार गोष्टी एकाच छपराखाली मिळत. त्या वेगळ्या करून मोजण्याचे कारण कोणाला पडले नव्हते.

त्या वेगळ्या होऊ लागल्या त्या गावोगावच्या टायपिंग क्लासात. क्लासचा चालक महिन्याची फी घेई, यंत्र देई, बोटे कशी ठेवायची ते दाखवी. परंतु परीक्षा शासनाची असे. मिनिटाला तीस शब्द टंकित होतात की नाही, हे ठरवण्याचा अधिकार फी घेणाऱ्याकडे नव्हता. आज ही व्यवस्था किरकोळ वाटते, पण तिच्यात मोठे शहाणपण होते. शिकवणारा आणि पारखणारा वेगळे असल्यामुळे वाईट क्लास फार काळ लपून राहू शकत नसे. निकाल लागला की गावाला कळे.

संगणक आला तेव्हा हे शहाणपण काही काळ टिकले. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाले, १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला आणि पुणे हे संगणक शिकण्याचे शहर ठरले. मावळातल्या मुलांसाठी या शिक्षणाच्या खर्चात लोकलचा पास आणि दिवसाचे दोन-तीन तास हेही धरावे लागत. पुढे २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक तालुक्याच्या गावापर्यंत, तोही मराठीतून, पोचवला. अनेक शासकीय पदांसाठी तो आवश्यक ठरल्याने लाखोंनी तो केला. तेथेही शिकवणी खासगी केंद्रात आणि परीक्षा तंत्रशिक्षण मंडळाची, अशी विभागणी होती. मात्र एक भेद विसरू नये. हा अभ्यासक्रम संगणक वापरायला शिकवतो. संगणकाला नवे काम सांगायला, म्हणजे प्रोग्रॅमिंग करायला, शिकवणे हा त्याचा उद्देश नव्हे. ‘कॉम्प्युटरचा कोर्स केला आहे’ या एका वाक्यात या दोन्ही गोष्टी मिसळल्यामुळे पुष्कळांची निवड प्रारंभीच चुकते.

योगायोग असा, की त्याच २००१ साली अमेरिकेतील एमआयटीने आपले अभ्याससाहित्य सर्वांना विनामूल्य खुले करण्याची घोषणा केली. भारतातील आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये एनपीटीईएल हा उपक्रम हाती घेतला. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने सी, सी++, जावा यांचे छोटे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य दिले. म्हणजे वर सांगितलेल्या चार गोष्टींपैकी पहिली, माहिती, आता जवळजवळ फुकट आहे. केवळ ध्वनिचित्रफितींसाठी हजारो रुपये भरणे म्हणजे इंद्रायणीच्या काठी बसून पाणी विकत घेण्यासारखे आहे.

मग शुल्क देण्यात अर्थच नाही काय? तसेही नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांविषयी ‘सायन्स’ नियतकालिकात २०१९ साली आलेला अभ्यास येथे उद्बोधक आहे. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या सर्वांपैकी सुमारे ३ टक्क्यांनीच अभ्यासक्रम पूर्ण केला. पैसे भरून प्रमाणपत्राची वाट धरलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. पैसे भरणारे मुळातच अधिक निश्चयी असणार, हे मान्य करूनही शुल्काला बंधनाचे मूल्य असते असे म्हणता येईल. परंतु याच आकड्याची दुसरी बाजू अशी, की पैसे भरूनही निम्म्याहून अधिक लोक शेवटापर्यंत पोचले नाहीत. शुल्काने निश्चयाला आधार मिळतो. निश्चय विकत मिळत नाही.

खरा पेच चौथ्या गोष्टीत, साक्षीत, आहे. खासगी ऑनलाइन व्यवसायात शिकवणारा, पारखणारा आणि जाहिरात करणारा बहुधा एकच असतो. व्हाइटहॅट ज्युनियर या लहान मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या कंपनीने आपल्या जाहिरातींत मोठ्या पगारावर पोचलेला एक मुलगा दाखवला. तो काल्पनिक होता. ऑगस्ट २०२० मध्ये बायजूजने ही कंपनी सुमारे ३० कोटी डॉलरना विकत घेतली, आणि जुलै २०२४ मध्ये खुद्द बायजूजवरच दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. त्याआधी, डिसेंबर २०२१ मध्येच, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पालकांना आणि विद्यार्थ्यांना सावध केले होते: खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची संमती देऊ नका, अटी वाचा, नकळत कर्जाच्या कागदावर सही होत नाही ना ते पाहा. टायपिंग क्लासच्या महिन्याच्या फीत हे संकट नव्हते. क्लास पटला नाही तर पुढच्या महिन्यात जाणे थांबवता येई. वर्षाचे शुल्क आगाऊ, तेही कर्जाने, भरणाऱ्याने मात्र ही मोकळीक आधीच गमावलेली असते.

एनपीटीईएलने जुनी विभागणी जपली आहे, हे म्हणूनच लक्षणीय वाटते. तेथे शिकणे विनामूल्य आहे, आणि ज्याला साक्ष हवी त्याने अल्प शुल्क भरून नेमलेल्या केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. जेथे अशी वेगळी परीक्षा नाही, तेथे तळेगावची भट्टी आठवावी. प्रोग्रॅम चालतो किंवा चालत नाही. ते आपल्या डोळ्यांसमोर घडते.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही मराठीतलेच एक काम सुचवतो. युनिकोडमध्ये ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी आहे, आपल्या वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. त्यामुळे शब्दांची यादी संगणकाला सरळ लावायला सांगितली, तर ‘कळस’ हा ‘कवच’च्या आधी येतो. ‘क्ष’ हे आपल्याला एक अक्षर दिसते, संगणकाच्या लेखी ती क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे असतात. शब्दांची यादी मराठी वर्णक्रमाने लावणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचा, हे ते काम. विनामूल्य पाठांवर महिनाभर घालवून हे साधते का पाहावे. साधले, तर माहितीसाठी पैसे देण्याची गरज नाही हे कळते. अडले, तर कुठे अडले ते कळते, आणि आपले अपुरे काम वाचून चूक दाखवणारा माणूस ज्या अभ्यासक्रमात आहे, त्याच्यासाठी शुल्क देणे योग्य ठरते. तो माणूस कोण, आठवड्यातून किती वेळा भेटणार, मराठीत समजावणार का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे.

आता तर यंत्रेच सांगितल्याबरोबर प्रोग्रॅम लिहून देतात. त्यामुळे या नजरेचे मोल कमी झाले नाही, वाढले आहे. कारण लिहिलेले बरोबर आहे की नाही हे ओळखणे, हेच आता शिकणाऱ्याचे मुख्य काम होत आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे परके वाटू नये. संहिता बारकाईने वाचणे, तिच्यातला दोष ओळखणे आणि तो का दोष आहे हे सांगणे, हा आपलाच अभ्यास आहे.